वासावरचं मीठ

"आधी वरून मीठ घे. आमच्याकडे चिकनला घ्यावंच लागतं. आईला कळत नाही ना त्यातलं. हळू, ती येईल."

जाईनं हे आपल्या वर्गातल्या मैत्रिणीला कुजबुजत सांगितलं होतं. पण कुजबुज ही अशी चीज की भांड्यांच्या आवाजातून, एक्झॉस्ट फॅनच्या घरघरीतून वाट काढत ती नेमकी जिच्यापासून लपवायची तिच्याच कानाशी येऊन बसते. गीतांजली गरम भाकरी हातात धरून स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभी राहिली. फटीतून तिला दिसलं ते असं, की टीव्हीच्या मागून फोटोच्या रोलची काळी डबी निघाली, तिच्या झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली होती, पोरीनं ती सराईत हातानं आपल्या ताटावर झटकली, मैत्रिणीच्या ताटावर झटकली, आणि न बघता पुन्हा टीव्हीमागे सरकवली. न बघता. हात इतका सरावायला किती जेवणं लागली असतील? भाकरीनं बोटं भाजत होती. ती पडद्यातून बाहेर आली, भाकरी वाढली, आणि जाई तोंडभर हसून म्हणाली, "आई, आज एक नंबर झालंय हं." मैत्रीण म्हणाली, "काकू, मस्त." आणि गीतांजलीसुद्धा हसली. त्या हसण्याचा राग तिला सगळ्यात जास्त आला; तो तेव्हा आला नाही, रात्रभर येत राहिला, आणि रविवार उजाडला तरी आत धगधगतच होता.

रविवारी कऱ्हाडहून नणंद येणार होती. नेहमीचा रिवाज असा, की नंदकुमार पायजम्यावरच खाली उतरायचा, कोंबडी आणायचा, काळ्या पिशवीतले तुकडे ओट्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या बाईसाहेब, तुमचा शत्रू." लग्न झाल्यापासून हाच विनोद. त्या रविवारी तो पिशवी शोधत होता तेव्हा गीतांजली चपला घालत होती.

"मी आणते."

"तू? अगं, तिथे उभं राहवणार नाही तुला. पिंजरे असतात, रक्त असतं..."

"वास मला नवा नाही," ती म्हणाली आणि जिना उतरली. खाली उतरताना प्रत्येक मजल्याचा वास तिनं सवयीनं ओळखला. दुसऱ्यावर बोंबील, पहिल्यावर नुकतं दिलेलं ऑइलपेंट, आणि दारातून आत येणारा तो कारखान्यांकडचा कुजकट गोडसर वास, जो ऐरोलीत राहायला आल्यावर पहिला महिनाभर नाकाला झोंबतो आणि मग माणूस त्याच्यातच श्वास घ्यायला लागतो. तिचं नाक तिचा अभिमान होता. सोसायटीतल्या बायकांना तिनं किती वेळा सांगितलं होतं, की मी खात नाही पण मला चव बघायची गरजच पडत नाही, मीठ पुरेसं पडलं की रश्शाचा वास बसतो. उड्या मारत असतो तो, मीठ पडलं की खाली बसतो. बायका ऐकत राहायच्या. एकीनं तर घरी जाऊन करूनही पाहिलं होतं. आता तिला त्या सगळ्या बायकांचे चेहरे आठवले आणि कानशिलं तापली. त्यातल्या किती जणींची पोरं या घरी जेवून गेली होती? किती जणींना ठाऊक होतं?

दुकानदारानं कोंबडी पिंजऱ्यातून काढली, वजनाला टांगली. "कितना पीस करू, भाभी?"

"पीस नको. अख्खी द्या. वरची चामडी पण ठेवा."

"चामडी के साथ?" तो सुरी धरून थांबला. "घरात फंक्शन हाय काय? हॉटेल-बिटेल टाकताय?"

"तुम्हाला काय करायचंय? ठेवा म्हटलं ना."

"ठेवतो, ठेवतो. रागावता कशाला सकाळी सकाळी," असं म्हणून तो पाठ फिरवून पिसं उपटत बसला. तिला मान वळवायची होती, पण तिनं ती वळू दिली नाही. बघ, ती स्वतःला म्हणाली. तुकडे बघत आलीस आजवर. तुकडे म्हणजे काय, फ्लॉवरचेही असतात.

अख्खी कोंबडी करायचं तिच्या मनात का आलं, ते तिला रात्री पाण्याचा तांब्या भरताना कळलं होतं. रश्शाची चव कुणीही पळीतून बघतं. सुक्याचा तुकडा उचलून बघता येतो. पण अख्खी भाजायला घातली की तिच्यात कुणाचा हात नाही. मीठ चोळायचं, झाकण लावायचं आणि बाहेर बसून राहायचं. ज्याला चव कळते तोही आंधळा आणि जिला कळत नाही तीही आंधळी. एकदा तरी या घरात सगळे माझ्याइतके आंधळे होऊ देत.

घरी येऊन तिनं पिशवी ओट्यावर ओतली आणि ती एकदम मागे सरली. हे तुकडे नव्हते. ही कुणीतरी होती. छाती होती, दुमडलेले पंख होते, पोटाशी घेतलेले गुडघे होते. जाईला पहिल्यांदा न्हाऊ घालताना सासूबाईंनी पोरीला असंच पायांवर पालथं घेतलं होतं, पाठीचा कणा असाच कातडीखालून मण्यांसारखा लागत होता. गीतांजलीनं नळ सोडला. गार पाण्याखाली तिनं तिला धुतलं, बगलेतून, पोटातून, आणि धुता धुता तिचा हात आपोआप मऊ झाला. तो मऊ झालेला तिला कळला तसा तिनं नळ खटकन बंद केला. दया नको. दयेनंच तर हा घोळ घातला होता.

कारण ते सगळं दयेतून आलं होतं, मायेतून आलं होतं, हे तिला समजत होतं. समजत होतं म्हणून तर राग कुठे टेकवावा ते कळत नव्हतं. कुणी छळलं असतं तर बरं झालं असतं. वाईच्या आपट्यांची मुलगी शिंद्यांच्या घरात आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी फळीवर वेगळी जागा करून दिली होती. "ह्यी कढई तुजी. हिला दुसऱ्या कुनाचा हात लागायचा न्हाई." आणि खरोखरच आजतागायत लागला नव्हता. खायची सक्ती नाही, करायचीही नव्हती. करायचं तिनंच ठरवलं. नवऱ्यासाठी, हट्टानं, पदर नाकाला लावून. पहिल्या दिवशी तिला ओकारी आली तेव्हा सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला होता आणि म्हणाल्या होत्या, "सर, जरा मी बसते शेगडीपाशी. तू जा, वाऱ्याला उभी ऱ्हा." मग ती रोजचीच सवय झाली. रस्सा उकळायला लागला की सासूबाई यायच्या, "सर" म्हणायच्या, आणि गीतांजली खिडकीशी जाऊन उभी राहायची. तेवढ्यात त्या काय करायच्या? पळीतून चव घ्यायच्या आणि मीठ टाकायच्या. एवढं साधं. आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणायच्या, "आमच्या बामनीच्या हाताला चव हाय बगा."

त्या कांदे चिरताना, मसाला कुटताना ओव्या जुळवायच्या, स्वतःच्याच, बसल्याजागी. पोरं झोपायची त्यावर. त्यातली एक होती:

सून माझी गुणाची, तिच्या हाताला लई गोडी
मिठाची गं चोरी माझ्या पदराआड थोडी.

सासूबाईंना, म्हणजे मालतीबाईंना, रक्तदाब होता, डॉक्टरनं मीठ बंद केलं होतं, आणि त्या चोरून खायच्या हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून या ओवीला सगळे हसायचे, नंदकुमार तर पोट धरून. गीतांजलीही हसायची. ती सासूबाईंना लटकं रागवायची, "आई, चोरी कबूल करताय वर!" आणि त्या म्हणायच्या, "तर. देवाम्होरं लपवून काय करू?" आता ओट्याशी उभं राहून, आलं-लसूण वाटता वाटता तिला ती ओवी पुन्हा ऐकू आली. आणि कळलं, की हसणारे सगळे एकाच गोष्टीला हसत नव्हते. ती एकटीच रक्तदाबाला हसत होती. तिच्याच तोंडावर, तिच्याच घरात, तालासुरात सांगितलं होतं तिला. वरवंटा तिनं इतका जोरात दाबला की लसणाची एक पाकळी उडून भिंतीला चिकटली. म्हातारी गेली तेव्हा ती नवऱ्यापेक्षा जास्त रडली होती. ते रडणं आता परत कुठून घ्यायचं? आणि म्हातारी गेल्यावर डबी आली असणार. कुणी आणली? भोकं कुणी पाडली? नंदकुमारनंच. त्याला असली कामं नीट जमतात.

दही, हळद, तिखट, वाटण. आणि मीठ. मिठाच्या बरणीशी तिचा हात थांबला. ती नेहमी तीन बोटांच्या चिमटीनं घ्यायची, भाजीला घेतात तसं, वर भीतीपोटी थोडं झटकून टाकायची. खारट झालं तर सगळ्यांना कळेल, कमी पडलं तर वासावरून कळेलच आपल्याला. आज तिनं मूठ भरली. मुठीतून ते कोंबडीच्या पंखांवर, मांड्यांवर चोळलं, पाठीवर चोळलं, बाळाला पीठ चोळतात तसं, फक्त तोंडी गाणं नव्हतं आणि दात आवळलेले होते. पाय बांधायला दोरा हवा होता. सुतळी सापडेना. तिनं देवघराच्या खणातला हार ओवायचा दोरा काढला. क्षणभर तो बोटावर गुंडाळून ती उभी राहिली. मग तिनं पाय बांधले, घट्ट गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.

बटाटे मागच्या महिन्यातले. चार घरांनी मिळून एपीएमसीच्या घाऊक बाजारातून गोणी आणली होती आणि जिन्यात बसून वाटून घेतली होती. तिनं सालासकट त्यांच्या फोडी केल्या, ॲल्युमिनियमच्या गोल ओव्हनच्या तळाशी पसरल्या आणि त्यांच्यावर कोंबडी बसवली. केकसाठी घेतलेला ओव्हन. वाढदिवसाला निघायचा, एरवी माळ्यावर. झाकण टेकवलं तर छाती झाकणाच्या काचेला लागली. तिनं तळव्यानं ती दाबून खाली बसवली आणि बटण दाबलं. रोज या वेळी ती आपल्यासाठी आपल्या कढईत दोन बटाट्यांची जिऱ्याची भाजी टाकायची. आज कढईकडे तिनं पाहिलंही नाही.

चारुलता आली ती दारातूनच बोलत आली. "वहिनी, कसला वास सुटलाय! जिन्यात लोकं दारं उघडून बघायला लागलीत."

"कसा आहे वास, वन्सं?" गीतांजलीनं विचारलं.

"एकदम झकास!"

"बसलाय का?"

"आँ?"

"काही नाही. हात धुवा."

नंदकुमार दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ओव्हनच्या काचेवर वाकून बघत म्हणाला, "गीता, एवढा कुटाणा कशाला केलास? रस्सा करायचास साधा."

"रश्शात काय असतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे रश्शात वरून काही घालता येतं. म्हणून ना?"

तो सरळ उभा राहिला. तिला वाटलं, आता बोलेल. तिनं त्याला वेळ दिला; फडकं घेऊन ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. तो रंगाच्या कंपनीत सुपरवायझर होता, दिवसभर डब्यांच्या छटा एकमेकांशी ताडून बघायचा आणि फरक असला तर अख्खी बॅच परत पाठवायचा. त्यावरून मॅनेजरशी भांडायचा. चांगला माणूस होता. ती आजारी पडली की रात्र रात्र बसायचा. आता तो म्हणाला, "तू दमलीयेस," आणि बाहेर गेला. तिनं फडकं सिंकमध्ये फेकलं. दमली नाही मी. एकदाही कुणी मला दमू दिलं नाही. सगळ्यांनी मिळून मला पायांवर घेतलं, पालथं घातलं आणि थोपटत ठेवलं.

वडिलांनीही तेच केलं होतं, फक्त उलट बाजूनं. लग्नाला ते आले नाहीत, नंतर एकदा घरी आले, खिडकीशी बसले, केळं खाल्लं, आणि उठताना म्हणाले, "खायचं तेवढं नाही, एवढं बघ." दुसरं काही मागितलं नाही. तेवढ्यावर तिनं सगळा जन्म तोलून धरला. तेही गेले. एका बाजूला त्यांना दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला हे लोक. मध्ये ती दोन्हीकडून सांभाळली गेलेली, आणि या घरात सगळ्यांना तिच्याबद्दल जे ठाऊक ते तिला एकटीला ठाऊक नाही.

ताटं वाढली. कोंबडी अख्खीच ताटलीत आली तेव्हा निखिलनं शीळ घातली. "आई, सिनेमातल्यासारखी दिसते गं! कापायची कशी?" नंदकुमारनं कापली, मांडी नणंदेला, मांडी निखिलला, छातीचे तुकडे स्वतःला आणि जाईला, सगळ्यांना बटाटे. गीतांजलीनं भाकऱ्या आधीच करून टोपलीत गुंडाळून आणल्या होत्या. ती खुर्ची ओढून बसली.

चौघंही थांबली.

"वहिनी, तुम्ही मागनं बसता ना?"

"आज बरोबर बसते. गार भाकरी चालेल ना सगळ्यांना?"

"चालेल की," नंदकुमार म्हणाला. त्याची नजर टीव्हीकडे गेली आणि परत आली. जाईनंही टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही बंद होता. मग सगळे खायला लागले. पंखा फिरत होता. गीतांजली पाहत होती. कुणी घास तोंडात घेतल्यावर त्याच्या जबड्याचं काय होतं, हे तिनं आजवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. ती त्या वेळी तव्यापाशी असायची. घास जरा थांबतो. मग चावला जातो. मग चेहरा पुन्हा जागेवर येतो.

"कसं झालंय?"

"फस्क्लास," चारुलता म्हणाली.

"मीठ?"

"बरोबर आहे की," नंदकुमार म्हणाला. निखिल मान हलवत म्हणाला, "परफेक्ट." जाई बटाटा कुस्करत होती. "मस्त आहे आई," ती ताटाकडे बघून म्हणाली.

गीतांजलीनं हात पुढे केला आणि नंदकुमारच्या ताटातला छातीचा तुकडा उचलला. जाड, पांढरा, आतला. "अगं," तो म्हणाला, "अगं गीता..." तोवर तो तोंडात गेला होता. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. पोट ढवळेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल, खिडकीशी बसलेले वडील मान वळवतील. काही झालं नाही. दोरे दोरे होते, कोरडे, दातांत अडकणारे, आणि त्यांना चव म्हणून कसली नव्हती. मूठभर मीठ सगळं कातडीवर बसलं होतं. आत त्याचा कणही पोचला नव्हता. तिनं तो घास शेवटपर्यंत चावला, गिळला, पाणी प्यायली नाही.

"अळणी आहे," ती म्हणाली.

मग चारुलता एकदम हुंदक्यासारखं म्हणाली, "वहिनी, कशाला खाल्लंत ओ! एवढी वर्षं पाळलंत..." आणि नंदकुमार तिच्या खांद्याला हात लावायला उठला, "गीता, चूळ भर, चल, अगं कशाला हे..." त्याचे डोळे भरले होते. त्या भरलेल्या डोळ्यांनी तिचा राग असा उसळला की टेबलाच्या कडा तिला पांढऱ्या दिसायला लागल्या. अजूनही. अजूनही हे तिच्या तोंडाकडे बघत होते, ताटाकडे कुणी बघत नव्हतं.

"हात काढा. खाली बसा. मी काय खाल्लं ते राहू दे. मी केलं ते कसं झालंय, ते विचारतेय. वन्सं, तुम्ही सांगा."

"आईनं शपथ घातलेली, वहिनी. म्हनली, पोर आपल्यासाठी एवढं सोसती, तिला कमीपणा नको..."

"त्या गेल्या. कसं झालंय?"

चारुलतानं पदर तोंडाला लावला. "अळणीच हाय," ती पदरातून म्हणाली.

"निखिल?"

"वरून खारट लागतं. आत काहीच नाही." तो ताटात बघत होता. "सॉरी, आई."

"सॉरी नको. जाई?"

जाईनं मान वर केली. तिचे कान लाल झाले होते, आणि आवाजही रागावलेला निघाला, आईसारखाच. "आत अळणी आहे. नेहमीच असतं. आणि बटाटे खालून करपलेत, ते कुणी सांगितलंच नाही. मला करपलेले नाही आवडत."

"बरं," गीतांजली म्हणाली. छातीत कालपासून जे टेकायला जागा शोधत होतं ते त्या करपलेल्या बटाट्यांवर जरासं टेकलं. "पुढच्या वेळी मी आधी भोकं पाडीन. मीठ आत जाईल. करपतात म्हणालीस ते बटाटे उशिरा घालीन." मग ती नवऱ्याकडे वळली.

नंदकुमार हसायचा प्रयत्न करत होता. "अगं, चांगलं झालंय. खरंच. मला तुझ्या हातचं असंच..."

तिनं त्याचं ताट त्याच्यासमोरून उचललं आणि आपल्यासमोर ठेवलं. त्याचे दोन्ही हात रिकाम्या टेबलावर राहिले, उष्टे. बाकीच्यांचे घास थांबले. ती त्याच्याकडे बघत होती. तो दोन डबे शेजारी धरून छटा बघायचा, तसं कधी तिच्या स्वयंपाकाकडे बघितलं असेल का याने, एकदाही?

त्याचे ओठ हलले.

"काय?"

"अळणी," तो म्हणाला.

"पंख्यात ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."